समुद्र आहेच, गीझर आहे का?

कोकणात चार दिवस राहायला जायचं ठरलं की सगळ्यात आधी समुद्र बाजूला पडतो. तो आहेच, त्याला कोण उचलून नेणार, अशी सगळ्यांची खात्री असते. खरी चर्चा सुरू होते ती संडासापासून. इंडियन की वेस्टर्न, अटॅच्ड की कॉमन, आणि कॉमन असेल तर किती जणांत कॉमन? त्याखालोखाल गीझर, मग एसी, मग सकाळचा चहा किती वाजता मिळतो आणि तो ‘आपल्यासारखा’ असतो का. एप्रिलच्या अखेरीस, अंगाची लाही होत असताना, गीझरची एवढी चौकशी कशाला, असं आमच्या सासरी फक्त नवीन सून विचारते. मीही विचारलं होतं. आता गीझरची चौकशी मीही करते.

तर यंदा ‘कोकण फायनल’ नावाचा ग्रुप निघाला. या नावात तथ्य एवढंच, की त्या क्षणी काहीच फायनल नव्हतं. त्यात डोंबिवलीच्या वन्संना घ्यायचं राहिलं, त्या रुसल्या, म्हणून ‘कोकण फायनल 2’ निघाला. पहिल्या ग्रुपवरही काही लोक इमानेइतबारे मतं देत राहिले. त्यामुळे एका ग्रुपचं गुहागर ठरलं आणि दुसऱ्याचं दिवेआगर.

गाव ठरवणं ही आमच्याकडे मतांची गोष्ट नसून तत्त्वांची गोष्ट आहे. अलिबाग सासूबाईंना मान्य नाही. त्यांच्या मते ते कोकण नव्हेच, ते मुंबईचं परसदार. त्यात 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीत चढून मांडव्याला उतरता येतं. ज्या गावाला जाताना एकही पोर ओकत नाही, त्या गावाला गेलो असं त्यांना वाटतच नाही. तारकर्लीचं पाणी सुरेख, पण तिथे जाण्यायेण्यातच सुट्टी संपते, आणि शिवाय मुलं स्कूबा करायचा हट्ट धरतात. काशीदला गर्दी. हरिहरेश्वर झालंय. ‘झालंय’ हा आमच्याकडचा शेवटचा शब्द असतो. एकदा एखादं गाव झालं की ते पुसून टाकायचं, मग तिथे पंधरा वर्षांपूर्वी भर पावसात फक्त दर्शन घेऊन परतलेलो का असेना.

शेवटी मुरूड निघालं आणि आश्चर्य म्हणजे कुणाचाच विरोध नव्हता. विरोध का नव्हता ते चार दिवसांनी कळलं. वन्संच्या यजमानांच्या डोक्यात जंजिऱ्याचं मुरूड होतं, ते किल्ल्याच्या होड्यांच्या वेळा शोधत बसले होते. बाकीच्यांच्या मनात दापोलीजवळचं, हर्णैच्या शेजारचं मुरूड. आणि थोरल्या दिरांनी फोनच्या नकाशात नुसतं ‘मुरूड’ टाकलं, तर त्याने त्यांना लातूर जिल्ह्यात नेलं. ‘रस्ता सरळ आहे, घाट लागत नाही,’ असा त्यांचा मेसेजही आला होता. लातूरच्या मुरूडला रस्ता चांगला आहे हे खरंच. एक समुद्र सोडला तर तिथे कसली कमतरता नसावी.

दापोलीचं मुरूड ठरल्यावर घर शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी ‘घरीच असते’. (मी घरून नोकरी करते, पण हा फरक ग्रुपवर समजावून सांगण्यात अर्थ नाही.) चार रात्री मी किनाऱ्यावरच्या घरांचे फोटो बघत होते. या फोटोंची एक ठरलेली रीत असते. पहिला फोटो सूर्यास्ताचा. हा सूर्यास्त सार्वजनिक मालकीचा असून त्या घराशी त्याचा संबंध असेलच असं नाही. दुसरा ड्रोनवरून काढलेला, त्यात हिरवी झाडी, निळं पाणी आणि एक लाल बाण. बाणाच्या टोकाशी घर आहे यावर आपण विश्वास ठेवायचा. तिसऱ्यात पलंग, आणि पलंगावर टॉवेलचे दोन हंस एकमेकांच्या गळ्यात गळा घालून बसलेले. आमचा गोतावळा तेरा जणांचा, त्यात हंसांना जागा होईना. न्हाणीघराचा फोटो कुणीच टाकत नाही. टाकलाच तर फक्त नळाचा.

आणि प्रत्येक जाहिरातीत ‘बीच टच’. कोकणात आता समुद्राजवळ काहीच नसतं, सगळं टच असतं. घर रस्त्याच्या पलीकडे, मध्ये दोन वाड्या आणि एक शाळा असली तरी ते बीच टच. या धंद्याची एक अवघड बाजू अशी, की 1991 सालापासून किनारा नियमनाचे नियम आहेत आणि भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्यात काय बांधायचं यावर बंधनं आहेत. नियम पुढे बदलले, सैलावले, पण तत्त्व राहिलं. म्हणजे गिऱ्हाइकाला सांगताना समुद्र जितका जवळ हवा, तितकाच तो सरकारी कागदावर लांब असलेला बरा. एकाच समुद्राला दोन ठिकाणी उभं करायचं हे काम सोपं नाही. ते करणाऱ्यांबद्दल मला नेहमी आदर वाटत आला आहे.

शेवटी फोटो सोडले आणि ओळखीतून एक नंबर मिळवला. मुरूडला मुख्य रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जुनी घरं आहेत. पुढे अंगण, पडवी, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपली की पुळण. अशा घरांपैकी बऱ्याच घरांत आता खोल्या भाड्याने मिळतात, घरचं जेवण मिळतं. त्यातल्याच एका घराच्या काकांना मी फोन लावला. तो संभाषणाचा नमुना जसाच्या तसा देते, कारण तो पाठ झाला आहे. नंतर तो मला प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगावा लागला.

“काका, खोल्या हव्या होत्या, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात.”

“आहेत.”

“एसी आहे का?”

“वरच्या दोन खोल्यांत आहे. लाईट असली की चालतो.”

“आणि लाईट गेली तर?”

“मग सगळ्या खोल्या सारख्या.”

“समुद्र किती लांब आहे?”

“भरतीला जवळ. ओहोटीला लांब.”

“नाही, म्हणजे खोलीतून दिसतो का?”

“मध्ये माड आहेत. तोडू?”

मी घाईघाईने नको म्हटलं. मागून मुलं खुणा करत होती म्हणून, जड अंतःकरणाने, तोही प्रश्न विचारला. “काका, स्विमिंग पूल वगैरे…”

पलीकडे शांतता पसरली. फोन कट झाला की काय म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं. मग आवाज आला, “मागे समुद्र आहे म्हटलं ना.”

“नाश्त्याला काय असतं?”

“केलेलं असेल ते.”

“म्हणजे साधारण?”

“घावन. पोहे. आंबोळ्या.”

“इडली होईल का? आमच्याकडे मुलांना…”

“पुण्यात मिळत नाही?”

“जेवणात मासे?”

“आमच्याकडे नाही. हर्णैला जा, लिलाव बघा, तिकडेच खा. येताना हात धुऊन या.”

“काही डिस्काउंट? आम्ही तेरा जण आहोत, पण त्यात चार मुलं आहेत.”

“मुलं जेवतात ना?”

“हो, जेवतात.”

“मग माणसंच ती.”

या माणसाला शहरातली कुठलीही कंपनी ग्राहकसेवेत एक दिवससुद्धा ठेवणार नाही. आणि तरीही फोन ठेवताना मला जो विश्वास वाटला, तो टॉवेलच्या हंसांकडे बघून कधी वाटला नव्हता. जो माणूस पंखा आहे म्हणतो, त्याच्याकडे पंखा असतो. एक मात्र विचारायचं राहिलं होतं, त्याची सासूबाईंनी मागून आठवण करून दिली, आणि पुन्हा फोन लावावा लागला. काका म्हणाले, “दोन्ही आहेत. खाली वेस्टर्न, वर इंडियन. गीझर खाली. वर सोलर आहे. दुपारी एवढं ऊन असतं की पाणी विसणावं लागतं.”

झालं. या एका वाक्याने घरात यादवी माजली. एसी वर, तर वेस्टर्न खाली. सासूबाईंचे गुडघे खाली, पण त्यांना उकाडा सोसत नाही. थोरल्या दिरांना एसी लागतो, पण जिने चढणं डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय. नाना, म्हणजे माझे चुलत सासरे, कुठेही झोपतात. पण ते जिथे झोपतात तिथे दुसऱ्या कुणाला झोपता येत नाही, इतकं ते घोरतात. नव्या जोडप्याला स्वतंत्र खोली द्यायची हे सगळ्यांना तत्त्वतः मान्य होतं. प्रत्यक्षात चार खोल्या आणि तेरा माणसं असा हिशेब मांडल्यावर त्यांच्या खोलीत दोन गाद्या टाकून मुलं झोपवायचं ठरलं. थोरल्या दिरांनी तक्ता केला. आडव्या रांगेत खोल्या, उभ्या रांगेत माणसं, आणि गुडघे, घोरणं, एसी, रात्री उठावं लागणं असे रंग. त्यात नानांचा चौकोन लाल होता. तो ज्या खोलीत ढकलावा तिथून कुणीतरी बाहेर पडे. शेवटी नाना स्वतःच म्हणाले, मी पडवीत झोपतो, वारा असतो. तसं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा तक्ता तयार नव्हता.

एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट उमगली आहे. आपल्याला कोकणात दुसरीकडे राहायला जायचंच नसतं. आपल्याला आपलंच घर हवं असतं, आपला चहा, आपली उशी, आपला नळ, आपली भांडणं, फक्त मागच्या दाराला समुद्र लावून. वन्संनी सामानाची जी यादी टाकली तीच बघा: चहाची पावडर, आलं, किसणी, स्वतःच्या उशा, लिंबाचं लोणचं, विळी (ही नंतर खोडली), दोरी, चिमटे, मच्छर अगरबत्ती, एक्स्टेन्शन बोर्ड, मेतकूट. मेतकूट घेऊन कोकणात जाणारी माणसं आहेत यावर काकांचा विश्वास बसणार नाही. सासूबाईंनी मात्र दोनदा बजावलं, जास्तीचं घे.

मग तारखा. पावसाळ्यात जायचं नाही, कारण जून-जुलैत मासेमारी बंद असते. ही अडचण वन्संच्या यजमानांची. मुलांची परीक्षा संपायला हवी, ही आम्हा सगळ्यांची. हापूस यायला हवा, ही सासऱ्यांची. एवढं जुळवल्यावर एप्रिलचा शेवट उरला होता, आणि काम संपलं असं वाटत असतानाच नानांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं.

“पाऊणकी येते का कुणाला?” त्यांनी विचारलं.

पावकी, निमकी, पाऊणकी ही आमच्या आधीच्या पिढीची पाढ्यांची दौलत. आम्ही तीसपर्यंत पाढे शिकलो तेच पुष्कळ. नानांनी सांगितलं ते असं, की कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला फोन लागत नाही. तिथीला पाऊणनं गुणायचं. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अगदी मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण पोहायला कधी उतरायचं एवढं कळायला पुरतं. मी गुपचूप फोनवर भरतीचं वेळापत्रक उघडून ताडून पाहिलं. अर्ध्यापाऊण तासाच्या फरकाने नानांचं बरोबर होतं, आणि त्यांना रेंज लागत नव्हती.

त्यांचं म्हणणं, उतरत्या पाण्यात पोरांना सोडायचं नाही. ओहोटीचं पाणी आत ओढतं. संध्याकाळी पाच-सहाला पाणी चढतं हवं, म्हणजे पूर्ण भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान आली पाहिजे. हिशेब मांडला. दशमी, साडेसात. एकादशी, सव्वाआठ. द्वादशी, नऊ. म्हणजे समुद्राच्या दृष्टीने उत्तम दिवस एकादशीच्या आसपासचे.

वन्संचे यजमान उठून उभे राहिले. “हर्णै बंदराच्या शेजारी राहून एकादशी पाळायची?”

त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. हर्णैला किनाऱ्यावर माशांचा लिलाव चालतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, होड्या लागतात, बैलगाड्या पाण्यात शिरून माल बाहेर काढतात, आणि ओल्या वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग पडतात. हे सगळं डोळ्यांनी बघायचं आणि मग साबुदाण्याच्या खिचडीकडे परतायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं. पण भरती सरकवता येत नव्हती. पुढे वार बघितले. शुक्रवार ते सोमवार मिळत होते. शुक्रवारी दशमी, त्या दिवशी सगळे प्रवासात. शनिवारी एकादशी. सोमवार जाऊबाई पाळतात, शिवाय त्या दिवशी परत निघायचं. मासे खायला शिल्लक राहिला तो एक रविवार. यजमान त्या रविवारासाठी राजी झाले, पण मग मुक्काम एक दिवस वाढवा म्हणाले. तेव्हापासून ते ग्रुपवर फक्त अंगठा दाखवतात. तो होकाराचा आहे की कसला, ते कळत नाही.

प्रवासाचं फार लांबवत नाही, कारण ते सगळ्यांच्या घरी सारखंच असतं. आम्ही पुणेकर ताम्हिणीतून माणगाव, आंबेत, मंडणगड करत जायचं म्हणतो. नानांना वरंधा हवा, कारण तिथे भजी मिळते. थोरल्या दिरांना महाबळेश्वरवरून आंबेनळी उतरायचाय, कारण तो लांब पडतो हे अजून त्यांच्या तक्त्यात आलेलं नाही. डोंबिवलीकरांना मुंबई-गोवा महामार्गाशिवाय गत्यंतर नाही. त्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं, तेव्हा वन्संचा धाकटा पाळण्यात होता. आता तो गाडी शिकायची भाषा करतो आणि काम चालूच आहे. घाटावरून की महामार्गाने, एसी गाडी की स्वतःची, यावर आमची चर्चा रंगली असताना सासूबाईंना महर्षी कर्वे आठवले. कर्वे मुरूडचे. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्याला चालत गेले होते, तेही घाट चढून. तिथे परीक्षकांनी वयाने लहान दिसतोस म्हणून बसू दिलं नाही, आणि ते परत आले. “त्यांनी कुणाला विचारलं होतं का, वाटेत वॉशरूम कुठे आहेत?” असं म्हणून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वाटेतल्या स्वच्छ वॉशरूमची यादी मी त्यांच्याच सांगण्यावरून करत होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काकांचा फोन आला. त्यांचा स्वतःहून आलेला हा पहिलाच फोन. माझ्या पोटात गोळा आला. खोल्या दुसऱ्या कुणाला दिल्या की काय?

“मोदक किती सांगू?”

“माणशी दोन?” मी म्हटलं.

“दोन खाणारी माणसं अजून आली नाहीत इथे. माणशी पाच धरतो. आणि हे बघा, दापोलीवरून येणार ना? येताना पाच किलो कांदे आणा. आमच्याकडचे संपत आलेत. पैसे बिलातून वळते करीन.”

मी ते जसंच्या तसं ग्रुपवर टाकलं. मिनिटभर कुणीच काही बोललं नाही. मग थोरल्या दिरांनी विचारलं, मार्केट यार्डातून घेतले तर किती स्वस्त पडतील. जाऊबाई म्हणाल्या, गाडीत वास सुटेल. वन्संनी लिहिलं, आम्ही पेण-वडखळवरून येतोय, तिथे रस्त्यावर अलिबागच्या पांढऱ्या कांद्यांच्या माळा मिळतात, त्या आणू का? नानांनी कळवलं, पांढरा कच्चा खायला चांगला, आमटीला लालच लागतो. नव्या सूनबाईंनी मतदान लावलं: लाल, पांढरा, दोन्ही. तासाभरात तेरा मतं पडली, त्यात चार मुलांची. मुलांची मतं धरायची का, यावर वाद निघाला, तेव्हा वन्संच्या यजमानांनी कित्येक दिवसांनी तोंड उघडलं आणि लिहिलं, “मुलं कांदा खातात ना? मग माणसंच.” आणि लगेच खाली दुसरा मेसेज: “एकादशीला कांदा चालतो का, ते आधी विचारा.”